द्राक्षाच्या एकाच काडीला वेगळे मणी कसे लागतात? म्युटेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अख्ख्या वेलीवर घड एकसारखे आणि मधेच एका काडीला लांबुळके मणी, हे बऱ्याच बागायतदारांनी बघितलेलं असतं. त्यावरून जे प्रश्न येत राहतात ते इथं एका जागी केलेत. म्युटेशन म्हटलं की शाळेच्या पुस्तकात एकदम फळमाशी नाहीतर कॅन्सर, आपण मात्र बागेतनं आत शिरू, कारण द्राक्षात ही गोष्ट जितकी उघडी दिसते तितकी फार कमी पिकांत दिसते.

म्युटेशन म्हणजे नक्की काय होतं?

पेशी दुभागते तेव्हा तिच्यातला डीएनए आधी कॉपी होतो. द्राक्षाच्या डीएनएत साधारण ५० कोटी अक्षरं आहेत (२००७ मध्ये पिनो न्वार ह्या द्राक्षजातीचा डीएनए पूर्ण वाचला गेला तेव्हा हा हिशोब लागला). एवढं सगळं कॉपी करताना कुठंतरी एखादं अक्षर बदलतं, गळतं, जास्तीचं येतं, कधीकधी मोठा तुकडाच उचलला जाऊन दुसरीकडं जाऊन बसतो. पेशीकडं दुरुस्तीची यंत्रणा असते आणि ती बहुतेक चुका पकडते, पण सगळ्या नाही. जी चूक सुटते आणि पुढच्या पेशींत कायमची जाते ती म्युटेशन, मराठी पुस्तकात उत्परिवर्तन.

त्यातल्या बहुतेक चुकांनी काहीच फरक पडत नाही, कारण त्या अशा जागी पडतात जिथं पेशीला काही देणंघेणं नसतं.

मग एकाच काडीवर फरक दिसतो आणि बाकी वेल जशीच्या तशी, असं कसं?

कारण चूक काडीवरच्या एका डोळ्यातल्या (जिथनं नवा कोंब फुटतो तिथल्या) एका पेशीत झालेली असते. त्या पेशीपासनं पुढं जेवढं वाढलं तेवढ्यातच ती असणार, म्हणजे ती काडी, तिचे डोळे, तिचे घड. बाकी वेलीला त्याचा पत्ताही नाही. ह्याला इंग्रजीत बड स्पोर्ट म्हणतात. नेव्हल संत्रं ब्राझीलच्या बाहिया भागात असंच एका झाडावर सापडलं.

पण फरक तर क्रॉसमधनं येतो ना? आईबापाचे गुण मिसळून?

येतो की, आणि जिथं बी पेरून पीक येतं तिथं रोजचा फरक बहुतेक त्यातनंच येतो. डाळिंबाचा भगवा घ्या, गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या क्रॉसच्या पुढच्या पिढ्यांतनं निवडलेला आहे तो. तिथं असलेल्याच गुणांची नवी मांडणी झाली.

पण असलेले गुण मुळात आले कुठनं? गोड डाळिंब, आंबट डाळिंब, मऊ बी, टणक बी, ह्या सगळ्याच्या मागं कधीतरी कुठल्यातरी झाडात पडलेली चूकच आहे. क्रॉस जुनंच साहित्य फिरवतो, नवीन साहित्य फक्त म्युटेशनमधनं येतं. एकदा हे डोक्यात बसलं की उत्क्रांतीचा अर्धा धडा झाला.

आणि द्राक्षात ते इतकं स्पष्ट का दिसतं, तर आपण द्राक्ष बीपासनं लावतच नाही. थॉम्पसन सीडलेस ह्या जातीला बी नाही, आणि बी असलेल्या जातीचं बी लावलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून काडीनं नाहीतर कलमानंच वाढवायचं. म्हणजे क्रॉसचा प्रश्नच मिटला, आईबाप नाहीत, आहे ती एकच वेल तुकड्यातुकड्यानं वाढत चाललेली, नाशिकपासनं सांगलीपर्यंत आणि कॅलिफोर्नियापासनं तुर्कस्तानपर्यंत. ह्या सगळ्या थॉम्पसनच्या डीएनएत आज जो काही फरक आहे तो म्युटेशननंच पडलेला आहे, दुसरा रस्ताच नव्हता.

म्हणजे तास-ए-गणेश आणि सोनाका हे थॉम्पसनच का?

मुळात हो. तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातल्या बागेत थॉम्पसनमधनं निवडलेला, माणिक चमन थॉम्पसनमधलाच, आणि लांब मण्याचा सोनाका उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमधनंच काढला. काळ्या द्राक्षातला शरद सीडलेस पण त्यांचाच, तो किशमिश चोर्नी ह्या काळ्या जातीत झालेल्या बदलातनं आलेला आहे. पुढं त्यांच्या घरच्या बागेत आणखीही वाण निघाले.

मला यातली गंमत अशी वाटते की म्युटेशन कुणाच्याही बागेत होतं. हजारो एकर बाग आहे महाराष्ट्रात, दरवर्षी दोनदा छाटणी होते, कोट्यवधी डोळे फुटतात, कुठं ना कुठं काहीतरी वेगळं निघतच असणार. खरड छाटणीला कात्री लागली की ते सगळं बांधावर जातं. वाण तिथंच तयार होतो जिथं माणूस वेलीसमोर थांबून बघतो आणि म्हणतो की हा घड शेजारच्यासारखा नाहीये, ह्याला फीत बांधा.

हे वाण लॅबमध्ये दिले तर साध्या डीएनए टेस्टनं एकमेकांपासनं ओळखणं अवघड जातं, इतका थोडा फरक असतो. बाजारात मात्र भाव वेगळा.

द्राक्षातली बी कशानं गेली?

हे पण म्युटेशनच, आणि एका अक्षराचं. एजीएल११ नावाचा एक जीन आहे, त्याचं काम बीचं बाहेरचं कवच तयार करून टणक करायचं. त्यात एक अक्षर बदललं आणि त्यामुळं त्या जीनपासनं बनणाऱ्या प्रोटीनमध्ये १९७ व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन आलं (प्रोटीन ज्या मण्यांची माळ असते त्यातले हे दोन मणी, अमिनो अॅसिड). परागीभवन होतं, फळधारणा होते, बी धरते पण, नंतर मधेच वाढ थांबून जाते. थॉम्पसनचा मणी मधोमध कापून नीट बघा, बारीकसा मऊ हिरवट धागा दिसेल, ती अर्धवट राहिलेली बी आहे.

जंगलात ह्या वेलीचं काय झालं असतं? वंश तिथंच खुंटला असता. पश्चिम आशियात शेकडो वर्षांपूर्वी कुणालातरी ती खाताना बरी वाटली, काडी लावली, आणि आज आपण बेदाणा खातोय. वेलीच्या बाजूनं बघितलं तर तोटा, माणसाच्या बाजूनं बघितलं तर फायदा, चूक एकच.

ह्याची किंमत पण मोजावी लागते हां. बी असलेल्या मण्यात बीच जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन तयार करते आणि त्यानं मणी फुगतो. बीच नाही म्हटल्यावर ते कमी पडतं, मणी बारीक राहतो, म्हणून जीएचे (जिबरेलिक अॅसिडचे) डीप घ्यावे लागतात, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवावे लागतात. थोडक्यात बी गेली आणि जीएचं बिल आलं.

जीए देऊन मणी लांब केले तर ते म्युटेशन का?

नाही. डीएनए आहे तसाच आहे, तुम्ही बाहेरनं हार्मोन दिलं म्हणून पेशी लांबल्या. पुढच्या वर्षी डीप घेऊ नका, मणी परत बारीक.

थंडीत पांढऱ्या द्राक्षात गुलाबी मणी येतात, ते तरी म्युटेशन का?

ते पण नाही. पिंक बेरी हवामानामुळं येते, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान खाली जातं आणि दिवस-रात्रीत फार फरक पडतो तेव्हा. म्हणून तर घडांना पेपर लावतात. पेपर लावून थांबणारी गोष्ट डीएनएतली नसते.

ओळखायची खूण सोपी आहे. म्युटेशन असेल तर त्याच काडीवर दरवर्षी येणार, हवा कशीही असो, आणि तिची काडी दुसऱ्या खुंटावर (मुळासकटच्या ज्या वेलीवर कलम बांधतात तिच्यावर) कलम केली तर तिथंही तेच येणार. एका वर्षी आलं आणि दुसऱ्या वर्षी गायब, किंवा अख्ख्या प्लॉटला एकदम आलं, तर ते पाणी, खत, थंडी, नाहीतर व्हायरस.

आधी काळी द्राक्षं की पांढरी?

काळी. रानटी द्राक्ष काळंच असतं. सालीत रंग भरायचा हुकूम देणारे दोन जीन शेजारी शेजारी बसलेत. पांढऱ्या द्राक्षात दोन्ही बिघडलेत. त्यातल्या एकाच्या तोंडाशी उडी मारणाऱ्या डीएनएचा एक मोठा तुकडा येऊन बसलाय, ग्रेट१ त्याचं नाव, त्यामुळं तो जीन चालूच होत नाही. दुसऱ्याच्या आतली अक्षरं बदललीत. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हा ग्रेट१ दाखवला. असे उड्या मारणारे तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या शास्त्रज्ञ बाईंनी मक्याच्या दाण्यांच्या रंगावरनं कितीतरी आधी सांगितलं होतं, तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही, १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

आता मजा बघा, तो तुकडा कधीकधी निघून पण जातो, बहुतेक सगळा, थोडी खूण मागं ठेवून. मग पांढऱ्या वेलीच्या एखाद्या काडीला लाल घड लागतात. इटालिया नावाच्या पांढऱ्या जातीत ब्राझीलमध्ये असंच झालं आणि रुबी ओकुयामा ही लाल जात मिळाली. बिघडलेलं काही अंशी परत चालू झालं, तेही अपघातानंच.

नवीन वाणाच्या काडीवर मधेच जुनेच मणी येतात. फसवलं का नर्सरीनं?

नर्सरीनं सरमिसळ केलेली असू शकते, नाही म्हणत नाही. पण दुसरं कारण पण असतं. डोळ्याच्या शेंड्यावर पेशींचे दोन थर असतात, वरचा आणि आतला. म्युटेशन एका थरात झालं तर काडी अर्धी नवी अर्धी जुनी असते, कायमेरा म्हणतात त्याला. साल नवी, आतलं सगळं जुनं. अशा काडीवर एखाद्या फुटव्यात थरांची अदलाबदल झाली की जुना गुण परत डोकं वर काढतो.

ह्याचं फार सुंदर उदाहरण फ्रान्समधलं पिनो मुनिए. शँपेन ज्या द्राक्षांपासनं करतात त्यातली ही एक जात, कोवळी पानं लवेनं पांढरीफट्ट दिसतात. संशोधकांनी ह्या जातीच्या फक्त वरच्या थरातल्या पेशींपासनं रोप वाढवलं तर झाड बुटकं निघालं, आणि बाळ्या (आधाराला गुंडाळणारे तणावे) यायला पाहिजेत तिथं सगळीकडं घड! कारण वरच्या थरातला जिबरेलिनला दाद देणारा एक जीन बिघडलेला होता. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीत जिबरेलिन जास्त झालं की घड जिरतो नाहीतर बाळीत जातो, हे बागायतदाराला सांगायला नको. तिथं उलटं, झाडाला जिबरेलिन कळतच नाही म्हणून बाळीचा पण घड. २००२ मध्ये हे छापून आलं, तेव्हा कुठं नीट कळलं की द्राक्षाची बाळी आणि घड ही मुळात एकच गोष्ट आहे.

आणि एक, बी नेहमी आतल्या थरापासनं बनते. म्हणजे बदल फक्त वरच्या थरात असेल तर तो बीमधनं पुढं जाणारच नाही, कलमातनं जाईल.

डॉगरीज ह्या खुंटावर कलम केलं तर खुंटाचे जीन वर येतात का?

नाही येत. पाणी वर जातं, अन्न खाली येतं, वाढीचा जोर बदलतो, क्षार सोसण्याची ताकद बदलते, पण थॉम्पसनचा डीएनए थॉम्पसनचाच. खुंट बदलल्यानं जो फरक दिसतो तो जीन न बदलता दिसणारा फरक आहे.

औषध आधी चालायचं, आता डाउनी (केवडा रोग) हटत नाही. बुरशीला सवय लागते का?

सवय बिवय काही नाही, हा शब्द डोक्यातनं काढून टाका. फवारणी होण्याआधीच त्या कोट्यवधी बीजाणूंमध्ये एखादा वेगळा असतो. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं, म्हणजे अॅझोक्सिस्ट्रोबिन वगैरे, बुरशीच्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतात आणि तिची ऊर्जाच बंद करतात. त्या प्रोटीनमध्ये १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी अॅलॅनिन आलं की औषध चिकटतच नाही. एवढाच बदल. फवारलं की बाकी सगळे मेले आणि हा एक उरला, पान मोकळं, ओल आहे, वाटेकरी कुणी नाही. तुम्ही परत तेच औषध मारता, परत तोच उरतो. दोन-तीन हंगामांत प्लॉटभर त्याचीच पोरं.

बदल औषधामुळं होतो की आधीच झालेला असतो, हा वाद लुरिया आणि डेलब्रुक ह्या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये बॅक्टेरियावर प्रयोग करून मिटवला. आधीच झालेला असतो. औषध फक्त निवड करतं. म्हणून गट बदलून फवारा असं सांगतात, नुसतं कंपनीचं नाव बदलून काय उपयोग नाही, आतला घटक त्याच गटातला असला तर बुरशीला ते एकच.

म्युटेशन म्हणजे रोगच ना शेवटी?

माणसात हा शब्द बहुतेक दवाखान्यातच कानावर पडतो म्हणून तसं वाटतं. सिकलसेल घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार ह्या भागांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार बराच दिसतो. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं, त्यामुळं सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. आईकडनं आणि बापाकडनं दोन्हीकडनं बदललेला जीन आला तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, असह्य दुखतं, रक्त कमी होतं. पण एकाच बाजूनं आला तर माणूस वाहक, बहुतेक वेळा त्याला काही त्रास नाही, आणि वर मलेरियाच्या गंभीर आजारापासनं त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथं मलेरिया जास्त होता तिथंच हा बदल टिकून राहिला, आफ्रिकेत पण आणि आपल्याकडं पण.

मग हे चांगलं म्युटेशन का वाईट? मलेरियाच्या जंगलात वाहकाला चांगलं, दोन वाहकांच्या पोटी आलेल्या चारातल्या एका लेकराला (सरासरीनं) वाईट. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं असं सांगतात ते ह्याच्यामुळंच, आणि वाहक निघाला म्हणून त्या पोरीला नाहीतर पोराला नावं ठेवणारे लोक बघितले की चीड येते. तो काही संसर्ग नाही आणि कुणाची चूकही नाही.

आपल्या सगळ्यांत होतात का म्युटेशन?

होतात. प्रत्येक बाळात आईबाप दोघांतही नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात, त्यातले जास्त बापाकडनं येतात आणि बापाचं वय वाढेल तसे वाढतात. बहुतेकांचा काही परिणाम नाही.

मुद्दाम म्युटेशन करता येतं का?

येतं, आणि तुम्ही ते खाल्लेलं आहे. १९२७ मध्ये मुलर ह्या शास्त्रज्ञांनी फळमाशीवर एक्स-रे मारून दाखवलं की चुका कितीतरी पटीनं वाढतात. मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रानं हेच बियाण्यावर केलं. टीएजी-२४ भुईमूग, टीएयू-१ उडीद, ह्या नावांतला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा, कारण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काम झालं. किरणांनी मिळालेले म्युटंट घेऊन त्यांचे क्रॉस करून हे वाण काढलेत. टीएयू-१ नं महाराष्ट्रात उडदाची किती वर्षं शेतं भरली ते विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारा.

पण किरण मारले म्हणजे पाहिजे तोच बदल मिळतो असं नाही हां. हजारो बिया, त्यातल्या बऱ्याच मरतात, उरलेल्यांत बहुतेक बिघडलेल्या, एखादी कामाची. शेवटी काम तेच, ओळीनं फिरायचं आणि बघत राहायचं. आणि असं बियाणं किरणोत्सर्गी होत नाही, ही भीती अजून कुणी ना कुणी विचारतंच.

टिश्यू कल्चरची रोपं तर हुबेहूब असतात म्हणे?

बऱ्यापैकी. पण लॅबमध्ये पेशी परत परत दुभागवल्या की तिथंही चुका होतात. जी-९ केळीच्या प्लॉटमध्ये मधेच एखादं बुटकं झाड दिसतं ना, बऱ्याच वेळा ते हेच.

माझ्या बागेत वेगळी काडी दिसली. काय करू?

पहिलं म्हणजे कापू नका. फीत बांधा, ओलांड्यावर (तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीवर) रंगानं खूण करा, कारण फीत छाटणीत हमखास जाते. फोटो काढा, शेजारच्या घडाबरोबर एकाच फ्रेममध्ये, मण्याची लांबी-जाडी मोजून लिहून ठेवा, तारीख टाकून. त्या घडांना जीएचा डोस बाकीच्यांसारखाच द्या, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. दोन-चार घडांना अजिबात देऊ नका म्हणजे मूळ मणी कसा आहे ते पण दिसेल.

पुढच्या वर्षी तसंच आलं तर त्याच काडीचे डोळे घेऊन ऑगस्ट-सप्टेंबरात आठ-दहा खुंटांवर कलमं करा. तिथं तीन-चार पिकं बघा. सगळ्या कलमांवर एकसारखं आलं तर काहीतरी हाताला लागलंय, काहींवर जुनं आणि काहींवर नवं आलं तर वर सांगितलेला थरांचा मामला आहे, चांगली कलमं निवडून परत कलम करा. पानं वळत असतील, लाल होत असतील तर आधी व्हायरसची टेस्ट करून घ्या, आजारी काडीला वाण समजून अख्खा प्लॉट बसवणारे पण आहेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांना दाखवा.

एवढं होईपर्यंत गावभर काड्या वाटू नका. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतो, द्राक्षवेलीला संरक्षण १८ वर्षांचं मिळतं, पण वाण वेगळा आहे, सगळ्या वेलींवर एकसारखा आहे आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो हे दाखवावं लागतं. वहीत लिहून ठेवलेल्या तारखा तेव्हा कामाला येतात.